सव्वीस अक्षरांचं विमान

विमानात शेजारी बसलेल्याला तिकीट कितीला पडलं, हे विचारू नये. विचारलं की दोघांपैकी एकाचा प्रवास हमखास नासतो. ओरेन एट्झिओनी यांनी २००३च्या सुमारास विचारलं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते संगणकशास्त्र शिकवत. धाकट्या भावाच्या लग्नासाठी लॉस एंजेलिसला निघाले होते आणि शहाण्या माणसासारखं काही महिने आधीच तिकीट काढून बसले होते. शेजाऱ्याने त्यांच्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिकीट काढलं होतं, तेही स्वस्तात. दुसरा कोणी असता तर एअरलाइनला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. प्राध्यापकांनी परतल्यावर एका प्रवासी साइटवरून ४१ दिवसांतले १२,००० भाव गोळा केले आणि ‘आत्ता घ्या’ की ‘थांबा’ हे सांगणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला नाव दिलं हॅम्लेट. निर्णय न घेता येणाऱ्या शेक्सपिअरच्या राजपुत्राचं. त्यातून ‘फेअरकास्ट’ नावाची कंपनी निघाली, २००८मध्ये ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि २०१४मध्ये ती भाकितं बंदही पडली. कल्पना मात्र टिकली. आज ‘गूगल फ्लाइट्स’ एखाद्या भावाखाली ‘नेहमीपेक्षा कमी’ अशी हिरवी खूण करतं, ते त्याच जातीचं भाकीत.

एट्झिओनींनी बाहेरून फक्त भाव पाहिले. ते का हलतात, हे कंपनीच्या पोटात शिरून बघायची सोय त्यांना नव्हती. आपल्याला थोडं आत शिरावं लागेल, कारण ‘स्वस्त तिकीट कुठल्या साइटवर मिळतं?’ हा प्रश्नच जरा तिरका आहे. आपण विचारतो त्या क्षणी, तेवढ्या प्रश्नापुरता भाव जुळवला जातो. आणि प्रत्येक साइट आपल्या वतीने थोडा वेगळा प्रश्न विचारते.

इकॉनॉमीतल्या खुर्च्या सगळ्या सारख्याच अरुंद. कंपनीच्या संगणकात मात्र त्यांचे कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर असतं. इकॉनॉमीचा सर्वांत महाग, सगळ्या सवलतींसकटचा कप्पा म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘वाय’. खाली उतरत जावं तसा भाव उतरतो आणि अटी चढतात: तारीख बदलता येणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, इतके दिवस आधीच घ्यायला हवं. अक्षरं सव्वीस, म्हणून कप्पेही त्यापलीकडे जात नाहीत. ट्रॅव्हल एजंटाच्या पडद्यावर प्रत्येक अक्षरापुढे आकडा दिसतो, किती खुर्च्या शिल्लक आहेत त्याचा. तोही नऊपर्यंतच, नव्वद असल्या तरी नऊ.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. चौघांचं कुटुंब आहे आणि सर्वांत स्वस्त कप्प्यात तीनच खुर्च्या उरल्या आहेत. तुम्ही चार प्रवासी टाकून शोधलंत, तर यंत्र बहुतेक वेळा तीन स्वस्त आणि एक महाग अशी बेरीज करत नाही. चौघं ज्या कप्प्यात मावतील त्या वरच्या कप्प्याचा भाव चौघांनाही लावतं. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधावं, मग दोन, मग चार. माणशी भाव कुठे उडी मारतो ते दिसतं. हवं तर तीन आणि एक अशी दोन बुकिंगं करावीत. मात्र पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, दोन झाले की उड्डाण रद्द झाल्यावर तिघं सकाळच्या विमानात आणि आजोबा एकटे संध्याकाळच्या, असं होऊ शकतं. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी तरी या बचतीच्या नादी लागणार नाही.

ही कप्प्यांची युक्ती अमेरिकेतली. १९७८ साली तिथल्या सरकारने विमानभाड्यांवरचं नियंत्रण उठवलं आणि ‘पीपल एक्स्प्रेस’सारख्या नव्या कंपन्या बसच्या भावात विमान उडवू लागल्या. ‘अमेरिकन एअरलाइन्स’चे रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५मध्ये उत्तर दिलं: मोजक्या खुर्च्या पीपल एक्स्प्रेसइतक्या स्वस्त, बाकीच्या शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्या धंदेवाल्यांसाठी राखून महाग. किती खुर्च्या कुठल्या भावाला ठेवायच्या, हे संगणक रोज ठरवणार. १९८७च्या सुरुवातीलाच पीपल एक्स्प्रेस संपली. हे जमलं, कारण ‘अमेरिकन’कडे आरक्षणाचं संगणकी जाळं होतं, ‘सेबर’. आयबीएमबरोबर ते उभारायची बोलणी सुरू झाली १९५३ साली, तीही विमानातच. कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचा स्मिथ नावाचाच विक्रेता योगायोगाने शेजारी बसले होते. १९७६पासून सेबरचे पडदे एजंटांच्या टेबलांवर गेले आणि ‘अमेरिकन’ची उड्डाणं यादीत नेमकी वर दिसू लागली. एजंट पहिल्या पानावरचंच विकतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेवटी १९८४मध्ये सरकारला नियम करून हा पक्षपात थांबवावा लागला. आज एखाद्या साइटवर ‘बेस्ट’ म्हणून जे पहिलं येतं ते कुणासाठी बेस्ट, ही शंका त्या दिवसापासूनची आहे. यादी उघडली की ती आधी भावानुसार लावून घ्यावी.

आता शोध नेमका कसा चालतो ते पाहू. तिकिटाचा भाव तीन वेगळ्या जागी पडलेल्या माहितीतून जुळतो. कुठलं विमान केव्हा सुटतं, हे वेळापत्रक एकीकडे. भाड्यांचे दर आणि त्यांच्या पानंच्या पानं अटी दुसरीकडे. जगातल्या बहुतेक कंपन्या त्या ‘अ‍ॅटप्को’ या एकाच संस्थेकडे दिवसातून अनेकदा भरतात. आणि कुठल्या कप्प्यात किती खुर्च्या, हे फक्त कंपनीच्या स्वतःच्या संगणकात. तिन्हींची सांगड घालणं किती अवघड? एमआयटीतल्या मंडळींनी १९९६मध्ये ‘आयटीए सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली. तिचे एक संस्थापक कार्ल डी मार्कन यांनी दाखवून दिलं की, भाड्याच्या नियमांना कुठलीही मर्यादा घातली नाही तर ‘सर्वांत स्वस्त तिकीट’ खात्रीने शोधून देणारा प्रोग्रॅम तत्त्वतःच लिहिता येत नाही. म्हणजे कुठलीही साइट ‘जगातलं सर्वांत कमी भाडं’ म्हणते, तेव्हा तिने तिच्या वेळेत, तिने तपासलेल्या जोड्यांतलं कमी, एवढाच अर्थ घ्यायचा. गूगलने ही कंपनी ७० कोटी डॉलरला घेतली, व्यवहार २०११मध्ये पुरा झाला, आणि त्याच वर्षी ‘गूगल फ्लाइट्स’ सुरू झालं.

कंपनीच्या संगणकाला दर वेळी ‘खुर्ची आहे का?’ विचारायला वेळ लागतो आणि पैसेही. हजारो लोक नुसतं बघून जातात. त्यामुळे शोधसाइटी थोड्या वेळापूर्वीचं उत्तर साठवून ठेवतात आणि तेच दाखवतात. तुम्ही क्लिक केलंत की ताजी विचारणा होते, आणि ‘क्षमस्व, भाडं बदललं आहे’ अशी पाटी येते. लोकांना वाटतं, आपण दोनदा बघितलं म्हणून साइटने भाव चढवला. मग ते कुकीज पुसतात, इन्कॉग्निटो खिडकी उघडतात. तसं केल्यावर भाव कधी उतरलेला दिसतो, कधी चढलेला. साठवण शिळी झाली, मधल्या वेळेत कुणी शेवटची स्वस्त खुर्ची उचलली, एवढंच झालेलं असतं. मंगळवारी दुपारी तिकीट काढावं, हीसुद्धा जुन्या काळची शिळी पोळी. तिकीट कोणत्या वारी काढता याने पडणारा फरक किरकोळ असतो. कोणत्या वारी उडता याने भरपूर पडतो. दिवाळीच्या आदल्या शनिवारचं तिकीट मंगळवारी काढलं काय आणि गुरुवारी काढलं काय!

आता साधनांकडे. गूगल फ्लाइट्सच्या वेगाला तोड नाही. तारखांचं कोष्टक उघडा, जाण्याची तारीख आडवी, येण्याची उभी, आणि दोन दिवस इकडेतिकडे केल्याने काय वाचतं ते एका नजरेत दिसतं. भावावर लक्ष ठेवून ईमेल पाठवण्याची सोयही चांगली. तारीख लवचीक आणि ठिकाण पक्कं असेल तर सुरुवात इथून करावी. ‘स्कायस्कॅनर’ उलट्या प्रश्नाला बरं. त्याचे एक संस्थापक गॅरेथ विल्यम्स आल्प्समध्ये स्कीइंगला जाण्यासाठी स्वस्त विमानं हुडकून कंटाळले होते, त्यातून एडिनबरोत ही साइट जन्मली. २०१६पासून ती चिनी मालकीची आहे. तिथे ‘कुठे’ या रकान्यात ‘कुठेही’ असं टाकता येतं. सुट्टी आहे, पैसे थोडे आहेत, जागेचा हट्ट नाही, अशा माणसासाठी हे वरदान. मात्र स्कायस्कॅनर किंवा ‘कायाक’ स्वतः तिकीट विकत नाहीत. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडण्याचे पैसे घेतात. त्यामुळे यादीत सर्वांत वर कधी कधी असा एजंट असतो ज्याचं नाव आपण पहिल्यांदाच वाचतो. भाव हजार रुपयांनी कमी असतो. आणि विमान रद्द झालं की परतावा त्या एजंटामार्फतच मागावा लागतो.

झेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहरातून निघालेलं ‘किवी’ आणखी पुढे जातं. एकमेकींशी करार नसलेल्या कंपन्यांची तिकिटं ते जोडून देतं. भाव खरोखर कमी येतो. पण मधल्या विमानतळावर बॅगा आपणच उचलायच्या आणि पुन्हा चेक-इन करायचं. त्यासाठी त्या देशाच्या सीमेतून आत जावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवाल्याला बहुतेक ठिकाणी तिथेच व्हिसा आडवा येतो. युरोपीय तरुणांसाठी घडवलेलं साधन आहे ते. ‘सेल्फ ट्रान्सफर’ हे दोन शब्द गूगलवर दिसोत की कुठेही, थांबून वाचावेत.

ज्यांना खेळायला आवडतं त्यांच्यासाठी आयटीएचं ‘मॅट्रिक्स’ अजून फुकट उघडं आहे. तिकीट विकत नाही, दिसायला रूक्ष आहे. पण कुठल्या अक्षराचा कप्पा लागला, मूळ भाडं किती, इंधन अधिभार किती, कर किती, हे सगळं उलगडून दाखवतं.

भारतातल्या ‘मेकमायट्रिप’, ‘क्लिअरट्रिप’, ‘यात्रा’, ‘इक्सिगो’ यांच्यात मूळ भाड्याचा फरक फारसा नसतो. खुर्ची शेवटी त्याच कप्प्यातली. फरक असतो वरच्या खर्चात आणि बँकेच्या कार्डावरच्या कुपनात. ‘मेकमायट्रिप’ २००० साली सुरू झालं तेच मुळी अमेरिकेतल्या भारतीयांना मायदेशीची तिकिटं विकायला. भारतातली विक्री २००५मध्ये सुरू झाली. तोवर ‘एअर डेक्कन’ने इथल्या मध्यमवर्गाला विमानाची वाट दाखवली होती आणि ‘इंडिगो’ येऊ घातली होती. या कमी भाड्याच्या कंपन्यांनी एक गोष्ट बदलली. त्या प्रत्येक फेरी सुटी विकतात. म्हणून देशांतर्गत प्रवासात जाणं-येणं वेगवेगळं शोधावं. सकाळी एका कंपनीने जावं, रात्री दुसरीने यावं. लांबच्या परदेश प्रवासात जुन्या पद्धतीच्या कंपन्यांकडे नेमकं उलट: एकेरी तिकीट कित्येकदा परतीच्या तिकिटाच्या जवळपास जातं, कधी त्याहून महागही.

हा फरक न्यू जर्सीत मुलगी असलेल्या पुण्याच्या आईवडिलांना चांगला समजावा. बाळंतपणासाठी जायचं आहे, परतीची तारीख नक्की नाही. इथे ‘सर्वांत स्वस्त’ हा प्रश्न चुकीचा ठरतो. परतीची तारीख बदलायला किती पडेल, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधसाइटच्या यादीत नसतं. भाडं निवडल्यावर उघडणाऱ्या अटींत असतं. दुसरं, पुणे ते मुंबई किंवा दिल्ली हा तुकडा वेगळा काढायचा मोह होतो. वेगळं देशांतर्गत तिकीट म्हणजे साधारण १५ किलो सामान. पुण्यापासून नेवार्कपर्यंत एकच तिकीट असेल तर अमेरिकेच्या नियमाने माणशी २३ किलोच्या दोन बॅगा सबंध वाटेवर चालतात, असं पुष्कळ कंपन्यांचं आहे. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी १५ किलोत बसवून दाखवणारी आजी अजून जन्मायची आहे. शिवाय एकच तिकीट असताना पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी कंपनीची; दोन असतील तर तुमची.

आणि दिशा. मुंबईहून सुरू होऊन मुंबईला संपणारं तिकीट आणि न्यू यॉर्कहून सुरू होऊन न्यू यॉर्कला संपणारं तिकीट, विमानं तीच असली तरी वेगळ्या बाजारात वेगळ्या भावाने विकलं जातं. डिसेंबरात अमेरिकेहून निघणाऱ्यांची झुंबड असते, मे-जूनमध्ये इथून निघणाऱ्यांची. तिकडून मुलांनी काढायचं की इकडून आपण, हे दोन्ही साइटींवर बघूनच ठरवावं. परकीय चलनात पैसे भरले तर बँक वर साधारण तीन-साडेतीन टक्के लावते, हे हिशेबात धरून. अमेरिकेच्या उड्डाणांबाबत तिथल्या परिवहन खात्याचा एक नियम फार कामाचा आहे: प्रवासाला किमान सात दिवस असताना थेट कंपनीकडून तिकीट घेतलं, तर कंपनीने एक तर भाव चोवीस तास धरून ठेवायचा, नाही तर चोवीस तासांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत द्यायचे. मध्यस्थ साइटींना तो बंधनकारक नाही.

विमानतळ बदलून बघणं हा स्वस्त तिकिटाचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यांच्या खुणा जी-ओ-आय आणि जी-ओ-एक्स. मोपा जानेवारी २०२३पासून चालू आहे. मडगाव-कोलव्याला जाणाऱ्याने मोपाचं तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, तर टॅक्सीवाला ते पाचशे सव्याज वसूल करतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला मात्र मोपाच जवळ. मुंबईतही आता डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. पनवेलकराने आणि पुणेकराने दोन्ही नावं टाकून पाहावं, आणि यादीतला विमानतळ कोणता हे दोनदा वाचावं.

एक वाकडी वाटही आहे. अ गावाहून ब मार्गे क गावाला जाणारं तिकीट कधी कधी अ-ब तिकिटापेक्षा स्वस्त असतं. मग क-चं काढायचं आणि ब-ला उतरून घरी जायचं. ‘स्किपलॅग्ड’ ही साइट असली तिकिटं शोधून देते. ‘युनायटेड’ने तिच्यावर २०१४ साली दावा लावला, तो निकालात निघाला, ‘अमेरिकन एअरलाइन्स’च्या दाव्यात मात्र ऑक्टोबर २०२४मध्ये टेक्ससमधल्या ज्युरीने ९४ लाख डॉलरची भरपाई ठरवली, तीही बोधचिन्हाच्या कॉपीराइटवरून. प्रवाशाला तुरुंगाची भीती नाही. पण चेक-इन केलेली बॅग क-ला जाते, आणि एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे, परतीसकट, रद्द होतात.

साधनांची तुलना करताना पहिल्या पानावरचे आकडे एकमेकांशी लावण्यात अर्थ नाही. ‘कन्व्हीनियन्स फी’ शेवटच्या पायरीवर उगवते. विम्याची खूण आधीच केलेली असते. ‘नको, मी धोका पत्करतो’ असं लाजवणारं बटण असतं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. टप्प्याटप्प्याने भाव वाढवणं आणि टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, दोन्ही तिच्यात आहेत. तरीही पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन, बॅग आणि खुर्ची धरून जो आकडा येतो, तोच तुलनेला घ्यावा.

गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटाला यात विसरू नये. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीच्या तारखांना घाऊक एजंटांनी काही खुर्च्या महिनोन् महिने आधी गठ्ठ्याने उचललेल्या असतात. धंद्यात त्यांना ‘सीरिज फेअर’ म्हणतात. ही भाडी गूगलला दिसत नाहीत. आयत्या वेळी सगळ्या साइटींवर भाव आभाळाला भिडलेला असताना असा एजंट तुलनेने बऱ्या भावात तिकीट देतो. फक्त ते सहसा रद्द होत नाही आणि नाव बदलायला मुदत असते, हे आधी विचारून घ्यावं.

हे कप्पेच आता मोडू लागले आहेत. विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने २०१२ साली ‘एनडीसी’ ही नवी विक्रीपद्धत पुढे आणली. तिच्यात कंपनीला अक्षरांच्या पायऱ्यांवर थांबायची गरज उरत नाही. दोन पायऱ्यांच्या मधला कुठलाही आकडा सांगता येतो. लुफ्तान्झाने २०१५पासून जुन्या आरक्षण जाळ्यांतून काढलेल्या तिकिटावर १६ युरोंचा जादा आकार बसवला, तो याच दिशेने ढकलण्यासाठी. २०२५मध्ये अमेरिकेच्या ‘डेल्टा’ने सांगितलं की तिच्या देशांतर्गत भाड्यांपैकी तीन टक्के कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून ठरतात आणि वर्षअखेर वीस टक्क्यांवर जायचं आहे. माणूस बघून भाव ठरवत नाही, असा खुलासाही तिने सिनेटर्सकडे केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने भारतासह तीन देशांत साध्या वाक्यात विचारून स्वस्त प्रवास शोधण्याची सोय आणली. म्हणजे भाव लावणारं यंत्र एकीकडे आणि भाव हुडकणारं दुसरीकडे. तूर्त याचा परिणाम असा की, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा भाव आणि शोधसाइटवरचा भाव पूर्वीपेक्षा कमी वेळा जुळतात. म्हणून शोध गूगलवर किंवा स्कायस्कॅनरवर संपला, की तीच तारीख आणि तोच उड्डाण क्रमांक कंपनीच्या साइटवर एकदा टाकून बघावा. भाव सारखाच असेल तर तिथेच घ्यावं. विमान रद्द झालं तर पैसे मागायला मधलं दार उरत नाही.